वंगण घालावे की घालू नये? एका लोखंडी गोळ्यामागचा चार हजार वर्षांचा इतिहास

१/
युरोप-अमेरिकेतील अनेक मोटारींच्या मागच्या बाजूस, नंबरपट्टीच्या खाली, एक लोखंडी गोळा बसवलेला असतो. युरोपात त्याचा व्यास ५० मिलिमीटर, तर अमेरिकेत बहुधा दोन इंच असतो. ट्रेलरच्या दांड्याच्या टोकाशी असलेली वाटी या गोळ्यावर बसते, खटका लागतो आणि दोन वाहनांचे एक वाहन होते. या गोळ्याला हिच बॉल म्हणतात. तो विकत घेणाऱ्यापुढे पहिल्याच दिवशी एक प्रश्न उभा राहतो : याला वंगण लावावे का? काही ट्रेलरांच्या पुस्तिका सांगतात, अवश्य लावा. काही पुस्तिका बजावतात, मुळीच लावू नका. आणि दोन्ही पुस्तिका बरोबर असतात.

२/
हा विरोधाभास समजून घ्यायचा तर मोटारीच्या बराच मागे जावे लागते. कारण प्रश्न फक्त गोळ्याचा नाही. भार वाहणारे दोन भाग एकमेकांवर घासतात, तेव्हा त्यांच्यामध्ये काही घालावे का, काय घालावे आणि किती घालावे, हे तीन प्रश्न माणसाने ओझे ओढायला सुरुवात केली तेव्हापासूनचे आहेत. त्यांची उत्तरे चुकली म्हणून आस जळाले आणि गाड्या उलटल्या. विसाव्या शतकात तर एका आसाला पुरेसे तेल न मिळाल्यामुळे दोन लाखांहून अधिक लोकांना घरदार सोडावे लागले. त्या घटनेकडे या धाग्याच्या शेवटी येऊ. सुरुवात इजिप्तपासून.

३/
इ. स. पू. १८८० च्या सुमारास मध्य इजिप्तमध्ये जेहुतिहोतेप नावाचा एक प्रांताधिकारी होऊन गेला. देर अल-बर्शा येथील त्याच्या थडग्यात एक भित्तिचित्र होते. त्यात त्याचा प्रचंड दगडी पुतळा लाकडी घसरगाड्यावर बांधलेला असून माणसांच्या रांगा तो दोरांनी ओढत आहेत. पुतळ्याची उंची १३ हात, म्हणजे जवळजवळ सात मीटर, असल्याचे तिथला लेख सांगतो. या गर्दीत एक माणूस वेगळा उठून दिसतो. तो घसरगाड्याच्या पुढच्या टोकावर उभा राहून समोरच्या जमिनीवर भांड्यातून काहीतरी ओतत आहे. अनेक अभ्यासकांनी या कृतीकडे धार्मिक विधी म्हणून पाहिले.

४/
२०१४ साली ॲमस्टरडॅम विद्यापीठातील भौतिकशास्त्रज्ञांनी वाळूवर छोटा घसरगाडा ओढून प्रयोग केले. कोरड्या वाळूत गाड्यापुढे वाळूचा ढीग साचतो आणि ओढणे जड होते. वाळूत योग्य प्रमाणात पाणी घातले तर कणांमध्ये पाण्याचे सूक्ष्म पूल तयार होतात, वाळू घट्ट होते आणि ओढण्यासाठी लागणारे बल जवळजवळ निम्म्यावर येते. मात्र पाणी त्याहून वाढले की हे पूल एकमेकांत विरघळतात, वाळू पुन्हा सैल होते आणि ओढणे पुन्हा कठीण होऊ लागते. थडग्यातला तो माणूस किती पाणी ओतावे हे जाणत असेल, तर त्याचे काम ओढणाऱ्या शेकडो हातांइतकेच मोलाचे होते.

५/
पुढे घसरगाड्याला चाक मिळाले आणि घर्षणाची जागा बदलली. जमिनीवर होणारे घासणे आता आसावर, म्हणजे चाकाच्या तुंब्याच्या आत होऊ लागले. ही जागा डोळ्यांना दिसत नाही. दिसते ते फक्त परिणाम : चाकाची कुरकुर, तापलेले लाकूड, झिजलेली भोके. प्राचीन भारतीय ग्रंथकारांना ही जागा चांगली ठाऊक होती, हे अनपेक्षित ठिकाणी सापडते. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात पाचव्या अध्यायात अभ्यंगाचे, म्हणजे अंगाला तेल चोळण्याचे, महत्त्व सांगताना गाडीच्या आसाचे उदाहरण आले आहे. तेल मिळालेला आस जसा बळकट आणि कष्ट सोसणारा होतो तसेच शरीराचे होते, असा त्याचा आशय. त्या अध्यायाचे नाव मात्राशितीय आहे, म्हणजे तो मुळात प्रमाणाविषयीच आहे.

६/
चरकसंहितेचे विमानस्थान त्याहून पुढे जाते. रोगराईने जनपदे उद्ध्वस्त का होतात याची चर्चा करणाऱ्या अध्यायात अकाली मृत्यूचा प्रश्न निघतो आणि उत्तरादाखल पुन्हा आस येतो. चांगला आस नीट वापरला तर आपले पूर्ण आयुष्य भोगून झिजतो. पण अतिभार, खडबडीत वाट, वाट सोडून जाणे, चाक मोडणे, बैल किंवा गाडीवानाचा दोष, खीळ निसटणे, वंगण न मिळणे आणि गाडी उलटणे यांमुळे तोच आस मध्येच संपतो. वैद्यकाच्या ग्रंथातली ही यादी वाहन-अपघातांच्या कारणांची एक अतिशय जुनी आणि आश्चर्यकारक नेमकी यादी ठरते. खीळ निसटणे आणि वंगण न मिळणे हे दोष तिथे शेजारी शेजारी बसले आहेत.

७/
पाली साहित्यातील संयुत्तनिकायाच्या रथोपम सुत्तात हाच दृष्टान्त वेगळ्या कामासाठी येतो. भिक्षूने अन्न किती घ्यावे? जखमेला मलम भरून येण्यापुरते लावतात, आसाला वंगण भार पार नेण्यापुरते देतात, तितके. उपमा समजावी लागत नव्हती, याचा अर्थ ऐकणाऱ्यांना आसाला वंगण देण्याचे काम रोज दिसत होते. मराठीत ‘वंगण’ हा शब्द मूळचा गाडीच्या चाकांशीच बांधलेला. त्याचे ‘ओंगण’ असेही रूप आहे आणि हिंदीत आसाला तेल देण्याला ‘औंगना’ म्हणतात. कारखाने येण्याच्या कितीतरी आधी या शब्दाला बैलगाडीच्या आसाचा वास होता.

८/
इथपर्यंतचे ज्ञान अनुभवाचे होते. मोजमाप आले सतराव्या शतकात. लिओनार्दो दा विंचीने घर्षणाचे प्रयोग केले होते, पण ते त्याच्या वह्यांतच राहिले. १६९९ साली फ्रेंच शास्त्रज्ञ गियोम आमोंताँ याने पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे आपले निष्कर्ष मांडले. घर्षण भारावर अवलंबून असते, घासणाऱ्या पृष्ठभागाच्या आकारमानावर नाही. त्याच्या मोजणीत घर्षण भाराच्या सुमारे एकतृतीयांश भरत होते. आजही शाळेत शिकवल्या जाणाऱ्या या नियमामागे एक तपशील दडला आहे. आमोंताँने तपासलेले तांबे, लोखंड, शिसे आणि लाकूड यांच्या पृष्ठभागांना डुकराची चरबी लावलेली होती. कोरड्या घर्षणाचा म्हणून शिकवला जाणारा नियम चरबी लावलेल्या पृष्ठभागांवरून निघाला.

९/
बैलगाडीच्या वेगाला चरबी पुरत असे. आगगाडीला ती पुरेना. १५ सप्टेंबर १८३० रोजी लिव्हरपूल ते मँचेस्टर ही रेल्वे सुरू झाली. चाके पूर्वी कधी फिरली नव्हती इतक्या वेगाने, इतका भार घेऊन आणि इतका वेळ न थांबता फिरू लागली. तापलेल्या आसावरून साधी चरबी वितळून वाहून जाई. आस कोरडा पडला की आणखी तापे आणि आणखी तापला की उरलेसुरले वंगणही जाई. या दुष्टचक्राला रेल्वेच्या भाषेत पुढे ‘हॉट बॉक्स’ असे नाव पडले, कारण आसाचे टोक ज्या पेटीत फिरे ती पेटीच तापून लाल होई.

१०/
या रेल्वेचा सचिव आणि खजिनदार हेन्री बूथ हा धान्यव्यापाऱ्याचा मुलगा होता. अभियांत्रिकीचे रीतसर शिक्षण नसतानाही त्याने १८३५ मध्ये आसाच्या वंगणाचे पेटंट घेतले. पाम तेल, चरबी, सोडा आणि पाणी यांचे ते मिश्रण होते. थंड असताना ते घट्ट राही आणि आस तापू लागला की हळूहळू पातळ होऊन नेमके हवे तिथे उतरे. म्हणजे किती वंगण द्यायचे याचा निर्णय काही अंशी वंगणावरच सोपवलेला होता. इंग्लंडच्या रेल्वेगाड्यांनी ते अनेक वर्षे वापरले.

११/
यातले पाम तेल येई पश्चिम आफ्रिकेतून, मुख्यतः नायजर नदीच्या मुखप्रदेशातून. ज्या किनाऱ्यावरून पूर्वी माणसे गुलाम म्हणून नेली जात, तिथूनच ब्रिटनने गुलामांचा व्यापार बेकायदा ठरवल्यानंतर पाम तेलाची पिंपे जाऊ लागली. ब्रिटिश व्यापारी त्याला ‘वैध व्यापार’ म्हणत. पण ते तेल काढण्यासाठी आणि वाहून आणण्यासाठी किनाऱ्यामागच्या प्रदेशात गुलामांचे श्रम वापरले जातच राहिले. साबण, मेणबत्त्या आणि रेल्वेचे आस या तिघांची भूक या तेलावर भागत होती. मँचेस्टरला जाणाऱ्या डब्याचे चाक सुरळीत फिरण्यामागे इतक्या दूरचे हात होते.

१२/
बूथचे दुसरे काम हिच बॉलच्या थेट पूर्वजांत मोडते. सुरुवातीला डबे सैल साखळ्यांनी जोडलेले असत. गाडी निघताना साखळ्या एकामागून एक ताणल्या जात आणि प्रत्येक डब्याला हिसका बसे, थांबताना डबे एकमेकांवर आदळत. बूथने १८३० च्या दशकात स्क्रू कपलिंग आणले. दोन कड्यांमध्ये मळसूत्र असलेला दांडा बसवायचा आणि तो फिरवून डबे इतके जवळ ओढायचे की बफर एकमेकांना टेकतील. भारतीय रेल्वेच्या प्रवासी डब्यांनाही हीच जोडणी अनेक दशके होती. दोन वाहने जोडणारा सांधा आणि त्यांच्या आसाचे वंगण, ही दोन्ही कामे एकाच माणसाने हाताळली हा योगायोग नव्हता. ओढली जाणारी गाडी सुरक्षित पोहोचणे या दोन्हींवर अवलंबून होते.

१३/
तरीही वंगण नेमके काय करते हे कोणालाच ठाऊक नव्हते. इंग्लंडच्या इन्स्टिट्यूशन ऑफ मेकॅनिकल इंजिनियर्स या संस्थेने घर्षणाच्या अभ्यासासाठी समिती नेमली आणि प्रयोगांचे काम बोशाँ टॉवर या अभियंत्याकडे दिले. १८८३ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या अहवालात एका अपघाती शोधाची हकीकत आहे. टॉवरने फिरणाऱ्या आसाखाली तेलाची अंघोळ ठेवली होती. वरच्या पितळी बेअरिंगला तेल सोडण्यासाठी त्याने मधोमध एक भोक पाडले. यंत्र सुरू होताच भोकातून तेल आत जाण्याऐवजी उसळून बाहेर येऊ लागले.

१४/
टॉवरने भोकात बूच बसवले. तेलाने ते बाहेर ढकलले. लाकडी खुंटी ठोकली, तीही बाहेर आली. मग त्याने तिथे दाबमापक लावला. बेअरिंगवरचा सरासरी भार दर चौरस इंचाला १०० पौंड होता, तर तेलाचा दाब २०० पौंडांच्याही वर गेला. याचा अर्थ एकच होऊ शकत होता. फिरणारा आस स्वतःच तेल ओढून घेत होता आणि त्या तेलाच्या थरावर सगळा भार तरंगत होता. धातू धातूला टेकतच नव्हता. शतकानुशतके ज्याला ‘घासणे कमी करणे’ समजले जात होते, ते इथे घासणे पूर्ण थांबवणे होते.

१५/
१८८६ मध्ये मँचेस्टरचे प्राध्यापक ऑसबर्न रेनॉल्ड्स यांनी याचे गणित मांडले. आस आणि बेअरिंग यांच्यातली फट सगळीकडे सारखी नसते, ती पाचरीसारखी निमुळती होत जाते. फिरणारा पृष्ठभाग तेलाला या पाचरीत ओढतो आणि अरुंद जागेत शिरताना तेलाचा दाब वाढतो. रशियात निकोलाय पेत्रोव्ह हेही १८८३ मध्ये तेलाच्या थराच्या सिद्धान्तापर्यंत पोहोचले होते. रेनॉल्ड्स यांचे समीकरण आजही बेअरिंगच्या रचनेचा पाया आहे. मात्र त्यात एक अट आहे. भार उचलून धरणारा थर तयार व्हायचा असेल तर पुरेसा वेग हवा आणि तेलाचा पुरवठा अखंड हवा.

१६/
अखंड पुरवठ्याचा प्रश्न अटलांटिकच्या पलीकडे एका माणसाने वेगळ्या बाजूने सोडवला होता. एलायजा मॅकॉय यांचा जन्म कॅनडात झाला. त्यांचे आईवडील केंटकीतील गुलामगिरीतून निसटून तिथे पोहोचले होते. मॅकॉय यांनी स्कॉटलंडमध्ये यंत्रशास्त्राचे शिक्षण घेतले, पण अमेरिकेत परतल्यावर कृष्णवर्णीय म्हणून त्यांना अभियंत्याची नोकरी मिळाली नाही. मिशिगन सेंट्रल रेल्वेत त्यांना कोळसा टाकण्याचे आणि तेल घालण्याचे काम मिळाले. गाडी थांबवून हाताने तेल घालायचे, पुन्हा निघायचे, हा खटाटोप त्यांनी रोज पाहिला. १८७२ मध्ये त्यांनी वाफेचे इंजिन चालू असतानाच तेल पुरवणाऱ्या उपकरणाचे पेटंट घेतले. पुढे त्यांच्या नावावर पन्नासहून अधिक पेटंटे जमा झाली.

१७/
इंग्रजीत अस्सल वस्तूला ‘रिअल मॅकॉय’ म्हणण्याचा प्रघात आहे. खरेदीदार मॅकॉय यांचेच उपकरण मागत, म्हणून हा वाक्प्रचार रूढ झाला, ही गोष्ट फार लोकप्रिय आहे. पण स्कॉटलंडमध्ये ‘रिअल मॅके’ असा प्रयोग १८५० च्या दशकातच सापडतो, म्हणजे पहिल्या पेटंटाच्या आधीच. म्हणून ही व्युत्पत्ती सिद्ध मानता येत नाही. मॅकॉय यांच्या कामाला तिची गरजही नाही. शिकलेल्या अभियंत्याला तेलाचे डबे देऊन उभे केले आणि त्याने तेलाचे डबे घेऊन उभे राहण्याचे कामच कालबाह्य करून टाकले, एवढे पुरेसे आहे.

१८/
‘काय घालावे’ या प्रश्नाच्या इतिहासात भारताचा वाटा एरंडीच्या बीमध्ये आहे. एरंडेल तेल घट्ट असते आणि तापल्यावरही धातूला चिकटून राहते. एकोणिसाव्या शतकात भारतातील रेल्वेगाड्यांच्या वंगणासाठी ते वापरले जाई. पहिल्या महायुद्धात याच तेलाला विमानांमुळे अचानक मागणी आली. त्या काळच्या फिरत्या सिलिंडरांच्या विमान-इंजिनांत इंधन आणि तेल एकाच जागी येत. खनिज तेल पेट्रोलमध्ये विरघळून जाई, एरंडेल मात्र सहजी विरघळत नसे. इंग्लंडमधील वेकफिल्ड यांच्या कंपनीने आपल्या तेलाला दिलेले ‘कॅस्ट्रॉल’ हे नावही ‘कॅस्टर’ म्हणजे एरंडी यावरूनच आले. गाडीवानाच्या वंगणातला पदार्थ आता आकाशात पोहोचला होता.

१९/
आता ट्रेलरकडे वळू. घोडागाडीच्या पुढच्या आसावर एक आडवी गोल तबकडी असे, जिच्यावर गाडीचा सांगाडा फिरे. चार चाकांखेरीज असलेले म्हणून तिला ‘पाचवे चाक’ म्हणत. १९१४ मध्ये डेट्रॉइटमधील ऑगस्ट फ्रूहॉफ या लोहाराकडे एक लाकूड-व्यापारी आला. त्याला आपली होडी फोर्ड मॉडेल टी मोटारीमागे ओढून न्यायची होती. फ्रूहॉफने मोटारीमागे टेकणारी दोनचाकी गाडी बनवून दिली. पुढे लाकूड वाहण्यासाठीही तसल्याच गाड्या त्याच्याकडून मागवल्या जाऊ लागल्या आणि मालवाहतुकीचा नवा प्रकार जन्माला आला. आजच्या मोठ्या कंटेनर-ट्रकांच्या मागे जी तबकडी ट्रेलरचे पुढचे टोक पेलते, तिला इंग्रजीत अजूनही ‘पाचवे चाक’ म्हणतात आणि तिच्यावर ग्रीसचा थर दिसतो.

२०/
ही तबकडी आणि हिच बॉल यांचा प्रश्न टॉवरच्या आसाहून वेगळा आहे. आस मिनिटाला शेकडो वेळा फिरतो. गोळ्यावरची वाटी फिरत नाही, ती वळणावर थोडी सरकते, खड्ड्यात थोडी डोलते आणि बाकी वेळ प्रचंड दाबाखाली स्थिर बसते. इतक्या मंद हालचालीत तेलाची पाचर तयार होत नाही आणि भार तरंगत नाही. अशा स्थितीचा अभ्यास करून १९२२ मध्ये विल्यम हार्डी आणि आयडा डबलडे या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी ‘सीमावर्ती वंगण’ ही कल्पना मांडली. इथे धातूला चिकटलेला रेणूंचा अत्यंत पातळ थरच काय ते रक्षण करतो. म्हणून अशा सांध्याला पातळ तेल चालत नाही. घट्ट, चिकटून राहणारे ग्रीस लागते आणि त्याचाही पातळ हातच पुरतो.

२१/
साधी वाटी असलेल्या ट्रेलरला म्हणूनच ग्रीस लावतात. ते नसेल तर गोळा वाटीला खातो आणि वाटी गोळ्याला. झिजलेला गोळा आकाराने लहान होतो, वाटीत सैल बसतो आणि एखाद्या खड्ड्यात वाटी उसळून सुटू शकते. पण ग्रीस लावल्यावर दुसरा धोका सुरू होतो. उघड्या ग्रीसवर धूळ आणि वाळू चिकटते आणि त्यांचा लगदा कानशीसारखा धातू घासू लागतो. जाड थर दिला तर जास्त धूळ धरतो. म्हणून जुने ग्रीस पुसून काढणे, नवे थोडेच लावणे आणि वापर नसताना गोळ्यावर टोपी घालणे, हे तिन्ही एकाच कामाचे भाग आहेत. ऊसतोडणीच्या हंगामात धुळीच्या रस्त्याने दोन-दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरमागे गोळ्याऐवजी कडी आणि पिन असते. झिजण्याची रीत मात्र तीच.

२२/
मग ‘मुळीच लावू नका’ असे बजावणारी पुस्तिका बरोबर कशी? मोटारीमागे ओढल्या जाणाऱ्या राहुट्यांना, म्हणजे कॅराव्हॅनना, वेगात असताना एक जुना आजार जडतो. वाऱ्याच्या झोताने किंवा शेजारून जाणाऱ्या ट्रकमुळे मागची गाडी सापासारखी डावी-उजवी डोलू लागते आणि हे डोलणे वाढत जाऊन मोटारीलाही घेऊन उलटू शकते. ते रोखण्यासाठी युरोपातील अनेक कॅराव्हॅनच्या वाटीत घर्षणपट्ट्या असतात. त्या गोळ्याला दोन बाजूंनी घट्ट चिमटतात. डोलण्याची ऊर्जा या घर्षणात खर्ची पडते. इथे ग्रीसचा पातळ हातही पट्ट्या निकामी करतो. नव्या गोळ्यावरचा रंगसुद्धा घासून काढावा लागतो.

२३/
एकच गोळा, एकच रस्ता आणि दोन उलट नियम. पहिल्या सांध्यात घर्षण हा चोर आहे, दुसऱ्यात पहारेकरी. म्हणून ‘वंगण घालावे का’ या प्रश्नाआधी ‘हा सांधा कशासाठी आहे’ हे विचारावे लागते. रेल्वेच्या इतिहासातही हा भेद सतत भेटतो. आसाला तेल हवे, पण रूळ आणि चाक यांच्यामध्ये ते आले तर गाडी जागच्या जागी घसरते. म्हणून इंजिनात तेलाच्या डब्याबरोबर वाळूची पेटीही असते, चाकाखाली पकड आणण्यासाठी. जेहुतिहोतेपच्या माणसाने ओढणे हलके करायला वाळूवर पाणी ओतले होते, रेल्वेने पकड वाढवायला रुळावर वाळू ओतली.

२४/
हे सगळे ज्ञान हाताशी असताना १० नोव्हेंबर १९७९ ची रात्र आली. कॅनडात टोरोंटोकडे निघालेली १०६ डब्यांची मालगाडी मिसिसॉगा शहरातून जात होती. तिच्या तेहतिसाव्या डब्याला जुन्या पद्धतीचे साधे बेअरिंग होते, तेलाच्या थरावर चालणारे. तेल पुरेसे पोहोचले नाही. आस तापला, टोक तुटले आणि चाकांची जोडी डब्यापासून निखळली. मध्यरात्रीच्या थोडे आधी वीसहून अधिक डबे रुळांवरून घसरले. त्यांपैकी काहींत प्रोपेन होता, त्याचे स्फोट झाले. एका टाकीत क्लोरीन होता आणि त्या टाकीला भोक पडले.

२५/
गाडीवरचा तरुण ब्रेकमन आगीच्या जवळ जाऊन एअर ब्रेकची तोटी बंद करून आला. त्यामुळे न घसरलेले पुढचे डबे सुटे करून इंजिनाला ते दूर ओढून नेता आले. त्या रात्री जोडणी सोडणे हेच सर्वांत मोठे काम होते. पुढच्या २४ तासांत रुग्णालयांसह दोन लाखांहून अधिक लोकांना शहराबाहेर हलवण्यात आले आणि जवळपास आठवडाभर शहराचा मोठा भाग रिकामा राहिला. एकही माणूस दगावला नाही. चौकशी आयोग बसला आणि धोकादायक मालाच्या गाड्यांचे नियम बदलले. साध्या बेअरिंगांची जागा पुढे रोलर बेअरिंगांनी घेतली, ज्यांच्यात ग्रीस आतच बंद केलेले असते.

२६/
पण बंद डब्यातले ग्रीस दिसत नाही, हा नव्या पद्धतीचा धोका ठरला. ३ फेब्रुवारी २०२३ रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यात ईस्ट पॅलेस्टाइन येथे मालगाडीचे ३८ डबे घसरले. कारण एका डब्याचे तापलेले रोलर बेअरिंग. रुळांशेजारच्या तापमान-यंत्रांनी ते आधी सभोवतालपेक्षा ३८ अंश फॅरनहाइटने अधिक गरम नोंदवले, नंतर १०३ आणि शेवटी २५३ अंशांनी. शेवटची नोंद धोक्याचा इशारा देणारी होती, पण तोवर उशीर झाला होता. तीन दिवसांनी विषारी व्हिनाइल क्लोराइड जाणूनबुजून जाळण्यात आले आणि गावावर काळा ढग उभा राहिला.

२७/
चरकसंहितेच्या यादीत वंगण न मिळणे हे आसाच्या अकाली मरणाचे कारण होते आणि ती यादी जनपदांच्या विनाशाची चर्चा करणाऱ्या अध्यायात होती. मिसिसॉगा आणि ईस्ट पॅलेस्टाइन या दोन नावांनंतर तो शेजार केवळ उपमेपुरता वाटत नाही. सांध्याची काळजी घेणारा एक असतो आणि ती न घेतल्याची किंमत मोजणारे दुसरेच असतात. मागे सुटलेला ट्रेलर बहुतेकदा ओढणाऱ्याला लागत नाही, समोरून येणाऱ्याला लागतो. म्हणून त्या लोखंडी गोळ्याचे उत्तर असे : सांधा कशासाठी आहे ते आधी पाहावे, साधा असेल तर जुने पुसून थोडे ग्रीस लावावे, घर्षणपट्ट्यांचा असेल तर तो कोरडा आणि स्वच्छ ठेवावा, आणि निघण्यापूर्वी खटका बसल्याची खात्री प्रत्येक वेळी करावी.